स्टेपनी कुठे टांगायची?



आज लोणचं नाही, पारण्याचा पदार्थ नाही, की पाठशाळेतल्या मुलांची गोष्ट नाही. आजचा विषय आहे स्टेपनी. हसू नका. आमच्या घरात या एका चाकावरून चार महिने चर्चा चालली होती, आणि त्या चर्चेत मला माझं स्वतःचंच एक चाक पंक्चर असल्याचं कळलं. म्हणून लिहिते.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आमच्याकडच्या कुणालाच विसरता येणार नाही. त्या वर्षी आमची साधी मोटार दारातच चिखलात बसली आणि जनावरं, म्हातारी माणसं, धान्य, सगळं ट्रॅक्टरनं बाहेर काढावं लागलं. पूर ओसरला आणि थोरल्या मुलानं ठरवलं, आता गाडी घ्यायची ती चारही चाकं ओढणारी. यथावकाश त्यानं एक वापरलेली जीप आणली. मळ्याला तीच जाते, विहारातही तीच जाते. संघ चालत पुढच्या मुक्कामाला निघाला की चौक्याचं सामान घेऊन आम्ही बायका तिच्यातून आधी पोचतो. जातं, गॅस, हंडे, गाळणं, धुतवस्त्रांचं गाठोडं, सगळं मागे मावतं. मागे एकच दार आहे. ते उजवीकडच्या बिजागऱ्यांवर फिरतं, आणि त्याच दारावर बाहेरून स्टेपनी टांगलेली असते.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. दोष आमचा होता. मुलानं हौसेनं मोठे टायर बसवले. टायरच्या कडेला आकडे असतात, ते कसे वाचायचे हे मला त्या निमित्तानं समजलं. आमचे मूळचे टायर होते २४५/७५ आर १६. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि आत १६ इंची रिम. नवे आणले ते २६५/७५ आर १६. दिसायला दणदणीत. पाचवं चाकही त्याच मापाचं हवं, म्हणून स्टेपनीही मोठी झाली. ती दारावर चढली आणि दोन-तीन महिन्यांत दार खाली लोंबायला लागलं. बंद करताना उचलून ढकलावं लागे. उघडं दार जागेवर धरून ठेवणारा खटका होता, तोही झिजला. मी काय केलं? कापडाची एक दोरी बांधली. दार उघडलं की दोरी सीटच्या दांडीला अडकवायची. घरात आपण फाटक्या गादीवर चादर घालतो ना, तसलीच ती दुरुस्ती.

माघात आर्यिका माताजींचा संघ स्तवनिधीकडे निघाला होता. तवंदी घाटाच्या अलीकडे, सकाळी आठच्या सुमाराला, एका शेताजवळ आम्ही गाडी थांबवली. रस्ता अरुंद, म्हणून डावी चाकं साईडपट्टीवर उतरवलेली. गाडी डावीकडे कलली होती. मी दार उघडलं, दोरी अडकवायची म्हणून हात घातला आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. मी वळले. धाकट्या जाऊबाई हंडा उतरवायला दाराच्या चौकटीला हात धरून उभ्या होत्या. कललेल्या गाडीत जड दार कुठल्या बाजूला जाणार? ते आपोआप मिटलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं दारात सापडली.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या तोंडून फक्त "अक्का" एवढंच आलं.

निपाणीला दवाखान्यात नेलं. दोन्ही बोटांची हाडं मोडली होती. त्या दिवशी आहार देण्यासाठी त्यांनी आठ दिवस आधीपासून नियम धरला होता. पडगाहनाच्या वेळी त्या दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या, आणि मी शेजारी. आमच्या दोन घरांची वाटणी होऊन सहा वर्षं झाली होती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांत बोलणं जेमतेम उरलं होतं. चौका हे एकच ठिकाण असं होतं जिथं आम्ही दोघी एका पाटावर बसून पोळ्या लाटत होतो. तेही मी घालवलं, असं मला त्या बाकावर वाटलं.

घरी आल्यावर सगळे म्हणाले, अपघात आहे, कुणाच्या हातात होतं? पण मला पाठशाळेत शिकवलेलं आठवत होतं. आपल्याकडे हिंसेचा विचारच प्रमादापासून सुरू होतो. मारायचं मनात नसेल, पण सावध राहायचं होतं आणि राहिलो नाही, तर तो प्रमाद. दोन महिने मला ते दार लोंबतं आहे हे माहीत होतं. मी दोरी बांधून पुढं गेले. याला अपघात म्हणायला माझी जीभ वळेना.

मुलगा दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आई, स्टेपनीसाठी वेगळा कॅरिअर बसवू. दारावर भारच नको." आणि तिथून आमचा शोध सुरू झाला. तुमच्यापैकी अनेकींच्या घरी अशा गाड्या आता आल्या आहेत, मुलं-जावई त्यात काही ना काही बसवत असतात. म्हणून आम्ही काय काय पाहिलं ते सांगते. निर्णय पुरुषांवर सोडू नका, कारण मागचं दार बहुतेक वेळा आपणच उघडतो.

पहिला पर्याय, टपावर. वर लोखंडी जाळी बसवायची आणि चाक आडवं ठेवायचं. दार मोकळं होतं हे खरं. पण चाक डोक्याच्या वर चढवायचं कोणी? घाटात मी आणि जाऊबाई दोघीच असलो तर? शिवाय वजन जितकं वर, तितकी गाडी कललेल्या जागी उलटायला सोपी. टपावर किती भार चालतो हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, आणि त्यात जाळीचंही वजन धरावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, "डोईवर पाटी जड झाली की मान कशी लटपटते, तशी गाडी लटपटंल." पर्याय बाद.

दुसरा, आत. मागच्या सीटच्या पाठीशी उभं बांधायचं. हे मीच नाकारलं. रस्त्यावरचं शेण, चिखल, चिरडलेले जीव, सगळं त्या रबराला लागलेलं, आणि त्याला टेकून आपल्या चौक्याची भांडी, धुतवस्त्रं? शुद्धीचं सोडा, सुरक्षेचंही बघा. नीट बांधलं नाही तर जोराचा ब्रेक लागल्यावर ते चाक पुढे बसलेल्यांच्या पाठीवर येतं.

तिसरा, वेगळा हात. मुलाचं मन यावर होतं. मागच्या बंपरला किंवा चासीला एक लोखंडी हात जोडायचा, चाक त्या हातावर बसवायचं. दार उघडण्याआधी तो हात बाजूला फिरवायचा, मग दार हलक्यानं उघडतं. आम्ही कोल्हापूरला एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तासभर खर्च करून मला समजावलं आणि मला ते फार आवडलं.

त्यांचं म्हणणं असं. हाताचा जीव त्याच्या बिजागरीत असतो. नुसत्या नळीत नळी घालून केलेली बिजागरी वर्षभरात खडखडायला लागते. चांगला कारागीर तिथं ट्रॉलीच्या चाकाला असतो तसा हब वापरतो, वर-खाली दोन निमुळत्या बेअरिंग, मध्ये ग्रीस. दुसरं, हात मिटल्यावर त्याचं मोकळं टोक हवेत राहता कामा नये. तिथं खाली टेकू हवा आणि घट्ट ओढून धरणारा खटका हवा, म्हणजे खड्ड्यातून जाताना भार दोन्ही टोकांना वाटला जातो. तिसरं, उघडा हात जागेवर अडकून राहायला हवा, आपल्या मर्जीनं फिरता कामा नये. हे ऐकताना मी माझ्या बोटांकडे बघत होते. चौथं, हात आणि दार एकाच बाजूला उघडावेत. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो, म्हणून बिजागरी उजवीकडे असलेली बरी. उघडलेलं दार वाहतुकीच्या बाजूला आडोशासारखं राहतं आणि सामान डावीकडून, सुरक्षित बाजूनं उतरवता येतं. आणि शेवटी, नंबरप्लेट, मागचे दिवे, मागचा कॅमेरा यांतलं काहीही चाकामागे झाकलं जाता कामा नये.

किंमत त्यांनी २५ हजारांच्या घरात सांगितली. मुलगा तयार होता. पण मिस्त्रींनीच विचारलं, "वहिनी, आधी हे सांगा, चाकाचं वजन किती आहे?"

आम्हाला माहीत नव्हतं. घरी आल्यावर धान्याच्या काट्यावर ठेवलं. नवं चाक भरलं ३८ किलो. माळ्यावर पडलेलं जुनं चाक आणून ठेवलं, ते २९ किलो. नऊ किलोंचा फरक. नऊ किलो म्हणजे काही डोंगर नाही, असं मुलगा म्हणाला. मी त्याला पाण्यानं भरलेली घागर दिली. म्हटलं, कमरेवर घे. घेतली. आता हात लांब करून धर. त्याला दहा आकडे मोजेपर्यंतही धरवेना. दारावरचं चाक बिजागरीपासून हातभर लांब असतं. तिथं वाढलेला प्रत्येक किलो बिजागरीला कितीतरी जड होऊन लागतो, आणि खड्ड्यात गाडी आदळली की आणखी.

मग तो वही घेऊन बसला. जुन्या चाकाची उंची निघाली साधारण ७७४ मिलिमीटर, नव्याची ८०४. म्हणजे चाक ३० मिलिमीटर मोठं, पण जमिनीपासून गाडी उचलली गेली त्याच्या निम्मी. दीड सेंटीमीटर! एवढ्यासाठी पाच मोठे टायर, झिजलेल्या बिजागऱ्या, चुकीचा वेग दाखवणारा काटा (मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, म्हणून काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो), आणि आता वर आणखी २५ हजारांचा हात. त्या हाताचंही वजन असणारच. कंपनीनं दिलेल्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

मी काही बोलले नाही. बहिणींनो, परिग्रहाबद्दल आपण किती प्रवचनं ऐकतो! सोनं, साड्या, जमीन, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण परिग्रहाची खरी गंमत अशी की एक वस्तू आली की तिला सांभाळायला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. मोठा टायर आला म्हणून कॅरिअर हवा, कॅरिअर आला म्हणून बंपर मजबूत हवा, बंपर जड झाला म्हणून मागचे पाटे बदला. हे कुठं थांबणार? श्रावकाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडविरती आहे. जे पाप संसारासाठी अटळ आहे ते वेगळं, पण प्रयोजन नसताना केलेली हिंसा, ती टाळायची. त्यात प्रमादचर्याही येते, उगाच हिंडणं, उगाच माती उकरणं. पुराच्या पाण्यातून माणसं काढायला, मळ्यातला ऊस बघायला, संघाच्या सेवेला गाडी लागते, हे प्रयोजन. चिखलात चाकं फिरवून फोटो काढणं, हे मला प्रयोजन वाटत नाही. पण हे मी मुलाला उपदेश म्हणून सांगितलं नाही. वहीतला दीड सेंटीमीटर पुरेसा होता.

रात्री तो स्वतःच म्हणाला, "आई, टायर जुन्याच मापाचे घालतो. हे विकून टाकू."

मग प्रश्न उरला, २९ किलोंचं चाक टांगायचं कुठं? आणि उत्तर निघालं, जिथं होतं तिथंच. दाराच्या दोन्ही बिजागऱ्या मूळच्या मापाच्या नव्या बसवल्या, चाक धरणारी कमानही कंपनीचीच घेतली, तिचे बोल्ट नवे. एकच गोष्ट आम्ही मिस्त्रींकडून वेगळी करून घेतली. दार उघडल्यावर अडकवायचा एक आडणा, लोखंडी दांडी, जिचं टोक वरून भोकात पडतं. वरून पडतं म्हणून ते गाडी कललेली असली तरी आपणहून निसटत नाही. माझ्या कापडी दोरीच्या जागी हा आडणा आला. चार महिने शोधून आम्ही नवीन कॅरिअर घेतलाच नाही. ज्यांना खरोखर मोठं चाक लागतं, रोजचा रस्ताच डोंगराचा आहे, त्यांनी तो फिरता हात जरूर घ्यावा. मिस्त्रींनी सांगितलेल्या पाच गोष्टी तपासून घ्यावा. आमची गरज तेवढी नव्हती, आणि ते कळायला काटा लागला.

मुलानं एकदा विचारलं होतं, स्टेपनी काढूनच टाकली तर? २०२० पासून नियमही शिथिल झाला आहे. हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचं किट गाडीत असेल, तर प्रवासी मोटारींना स्टेपनी सक्तीची नाही. पण किटनं खिळ्याचं भोक बुजतं. ऊसतोडीनंतर राहिलेल्या बुडख्यानं टायरची कड फाटली तर किटचा उपयोग नाही. आमच्या रानात स्टेपनी लागतेच. तसं हे नावही मोठं गमतीचं आहे. आपण मराठीत सर्रास स्टेपनी म्हणतो, पण ते मुळात एका रस्त्याचं नाव. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीचं जादा चाक करून विकायला सुरुवात केली. तोवर मोटारींना जादा चाकच नसे. गाव कुठलं, नाव कुठं येऊन पोचलं!

आता आपल्या कामाच्या चार गोष्टी.

स्टेपनी काढण्यापूर्वी तिच्यामागे आणि रिमच्या पोकळीत बॅटरी लावून बघा. महिनोन्‌महिने न हललेल्या चाकामागे कुंभारीण माशी मातीचं घर करते, कोळी असतो, मुंग्या असतात. मऊ कुंचल्यानं हलकेच बाजूला करा, आणि घर असेल तर दर महिन्याला बघण्याची सवय लावा, म्हणजे घर व्हायच्या आधीच कळतं. स्टेपनीवर कव्हर घालत असाल तर त्याला खाली भोक हवं, नाहीतर पाणी साचून डासांची पैदास होते. पाच समित्यांपैकी आदाननिक्षेपण समिती म्हणजे वस्तू घेताना आणि ठेवताना पाहून, सावधपणे घेणं-ठेवणं. ती मुनींसाठी सांगितली आहे, पण शक्तीप्रमाणे आपल्यालाही आहेच. मला ती आता रोज मागच्या दाराशी आठवते.

स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा बघा. वापरात नसलेल्या चाकातलीही हवा उतरते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ असं काहीतरी. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उन्हात टांगलेला टायर न वापरताही जुना होतो, हे विसरू नका.

चाक चढवायचं तर कमरेतून उचलू नका. चाक दाराजवळ उभं करा, खाली पहार किंवा मजबूत फळी सरकवा, दुसरं टोक उचला. चाक तरफेवर वर येतं आणि एकीनं दांडी धरली तर दुसरी बोल्टची भोकं जुळवू शकते. आम्ही दोघींनी अंगणात करून पाहिलं आहे.

आणि शेवटचं. दुरुस्त करायचं ते दुरुस्त करा. दोरी बांधू नका.

या "दोघींनी"बद्दल सांगायचं राहिलं. उन्हाळाभर जाऊबाईंच्या घरी मी डबा घेऊन जात होते. त्या डबा घ्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. दशलक्षण आलं, गेलं. अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणीला मंदिरात आपण सगळ्या एकमेकींना हात जोडतो, 'उत्तम क्षमा' म्हणतो, आणि पुढच्या बाईकडे वळतो. या वर्षी मला तसं म्हणवेना. मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "दार लोंबतंय हे मला दोन महिने माहीत होतं. मी दोरी बांधली. तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं." एवढंच बोलले. पाण्याच्या पाळीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मलाही माहीत होतं अक्का. मी तरी कुठं बोलले? म्हटलं, त्यांची गाडी, त्यांचं त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या अंगणात आल्या. गाडीचं दार उघडलं, उजव्याच हातानं. आडणा उचलला, भोकात टाकला, दार दोनदा हलवून बघितलं. त्यांचं एक बोट अजून पुरतं मिटत नाही. दांडी धरताना ते सरळच राहिलं होतं. मी बघितलं, त्यांनीही मला बघताना बघितलं.

"हलकं झालंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पहार आण. चाक कसं चढवतात ते दाखव."

संघ पुन्हा या भागात येईल तेव्हा चौका आम्ही दोघी मिळून लावणार आहोत. पोळ्या लाटणं त्यांना अजून जड जातं, म्हणून लाटायचं माझ्याकडे आणि भाजायचं त्यांच्याकडे, असं ठरलं आहे. पाण्याची पाळी तशीच आहे. तिच्यावरही कधीतरी बोलावं लागेल.

तुमच्या घरातही कुठंतरी एखादी दोरी बांधलेली असेल. आज जरा बघा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.